जुना नळ आणि नवा जोड

बैलाचे वय दातांवरून, बियाण्याचा कस दाण्यावरून आणि जमिनीचा पोत मुठीतील ढेकळावरून सांगणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. विहिरीस कोणत्या महिन्यात किती पाणी राहते, हेही प्रत्येकास तोंडपाठ असते. परंतु त्याच विहिरीपासून शेताच्या माथ्यापर्यंत जमिनीखालून जो नळ गेला आहे तो कोणत्या जातीचा, किती व्यासाचा व किती दाब सोसणारा आहे, असे विचारले असता नेमके उत्तर देणारा विरळाच. पुष्कळांचे उत्तर “तीन इंची आहे, वडिलांनी घातला होता” एवढेच असते. जोवर नळातून पाणी सुरळीत वाहते तोवर या अज्ञानाने काही बिघडत नाही. ज्या दिवशी ऐन उन्हाळ्यात सांधा निसटतो व उभ्या उसास अगर भाजीपाल्यास पाणी मिळेनासे होते, त्या दिवशी मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

प्लॅस्टिकचे नळ आपल्याकडे आता नवे राहिलेले नाहीत. पी.व्ही.सी. व पॉलिएथिलीन या दोन्ही जातींच्या नळांची भारतीय मानके १९६८ साली प्रथम प्रसिद्ध झाली. १९८० च्या सुमारास जळगाव व पुणे येथे या नळांचे कारखाने उभे राहिले आणि पुढील काळात लोखंडी व सिमेंटच्या नळांची जागा याच नळांनी घेतली. म्हणजे आज जे नळ आपल्या शेतांखाली आहेत, त्यांपैकी पुष्कळ तीस ते चाळीस वर्षांचे झाले आहेत. ज्यांनी ते घातले ती माणसे थकली किंवा निवर्तली. ज्या दुकानातून ते आणले त्यांची बिले हरवली. नळावरील छापील अक्षरे मातीने व पाण्याने पुसून गेली. मध्यंतरी भावाभावांत वाटण्या होऊन एकाच नळाचे तीन धनी झाले. अशा नळास आज नवा वाल, नवी टी किंवा ठिबकाची नवी मांडणी जोडावयाची असते, आणि अडचण येथेच सुरू होते.

आमचे मत थोडक्यात असे आहे. जुना नळ केवळ जुना म्हणून टाकाऊ ठरत नाही. जर्मनीत १९३६ ते १९३९ या काळात घातलेल्या पी.व्ही.सी. नळांपैकी काही पुढे कित्येक दशके पाणी देत राहिले, हे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे नळाचा जो खर्च वाया जातो, त्यातील मोठा भाग नळाच्या म्हातारपणामुळे जात नसून त्याची ओळख न पटविता भलताच जोड बसविल्यामुळे जातो. ही ओळख पटविण्यास यंत्र लागत नाही, शिक्षणही फारसे लागत नाही. लागते ती पद्धत. म्हणून ती पद्धत येथे प्रथम सांगून, मग संस्थेने व सभासदांनी काय करावे याविषयी दोन शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

पहिला प्रश्न जातीचा. शेतात आढळणारे दाबाचे प्लॅस्टिकचे नळ मुख्यतः दोन जातींचे असतात. करडा, ताठ व वाजविला असता टणक आवाज देणारा नळ बहुधा पी.व्ही.सी.चा. काळा, हातास मेणचट लागणारा, थोडा वाकणारा व नखाने ओरखडा उमटणारा नळ बहुधा पॉलिएथिलीनचा, म्हणजे ज्यास बाजारात एच.डी.पी.ई. म्हणतात तो. परंतु रंगावर सर्वस्वी विसंबू नये. उन्हाने व मातीने रंग पालटतो. खात्रीची परीक्षा पाण्याची आहे. नळाचा नखाएवढा तुकडा कापून, त्यास हवेचा बुडबुडा चिकटू न देता, पाण्याच्या बादलीत टाकावा. पी.व्ही.सी. पाण्याहून सुमारे दीडपट जड असल्यामुळे बुडतो. पॉलिएथिलीन पाण्याहून किंचित हलके असल्यामुळे तरंगते. काही लोक तुकडा जाळून वासावरून जात ठरवितात. ती रीत आम्हांस पसंत नाही, कारण पी.व्ही.सी. जळताना निघणारा धूर घशास व फुप्फुसांस अपायकारक असतो. बादलीच्या परीक्षेने तेच काम बिनधोक होते.

जात आधी ठरविण्याचे कारण असे की, सांध्याची रीत तीवरच अवलंबून आहे. ज्यास आपण ‘सोल्युशन’ म्हणतो तो द्राव पी.व्ही.सी.चा पृष्ठभाग विरघळवून दोन्ही अंगे एकजीव करतो. पॉलिएथिलीनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. ते वाळून पापुद्र्यासारखे सुटून येते. काळ्या नळास सोल्युशन लावून वर तारेने आवळून टाकलेले सांधे पाहावयास मिळतात. तेथे पाणी अडते ते तारेने, सोल्युशनाने नव्हे. आणि तार गंजली की सांधा गेलाच.

दुसरा प्रश्न व्यासाचा. आणि सर्वांत अधिक फसगत येथेच होते. याचे मूळ आपल्या बोलण्यातील ‘इंच’ या शब्दात आहे. लोखंडी नळ इंचांनी ओळखले जात. त्यांची जागा प्लॅस्टिकच्या नळांनी घेतली तेव्हा कारखान्यांनी ते मिलिमीटरांत बनविले, पण बोलीत जुनी नावेच राहिली. शेतीचा ६३ मिलिमीटरचा नळ ‘दोन इंची’ झाला, ७५ चा ‘अडीच इंची’, ९० चा ‘तीन इंची’, ११० चा ‘चार इंची’, १४० चा ‘पाच इंची’ आणि १६० चा ‘सहा इंची’. हे सर्व आकडे नळाच्या बाहेरच्या व्यासाचे आहेत. एवढेच असते तर फारसे बिघडले नसते. परंतु घरबांधणीच्या कामासाठी जे पांढरे प्लॅस्टिकचे नळ मिळतात, त्यांचे मोजमाप परदेशी इंची पद्धतीचे असून ते लोखंडी नळांशी जुळते. त्यांतील दोन इंची नळाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर, तीन इंचीचा ८८.९ आणि चार इंचीचा ११४.३ असतो.

आता पाहा. शेतकऱ्याने दुकानात जाऊन “तीन इंची कपलर द्या” म्हटले आणि दुकानदाराने त्यास घरकामाचा कपलर दिला, तर तो शेतीच्या ९० च्या नळावर चढत नाही. मग नळ कानशीने घासून किंवा तापवून तो बळेच चढविण्याचा यत्न होतो. उलट बाजूने घरकामाचा नळ शेतीच्या कपलरात घातला, तर तो सव्वा मिलिमीटराच्या आसपास सैल बसतो. ही सैल जागा सोल्युशनाने भरून निघेल असे वाटते, पण सोल्युशन म्हणजे भरावयाचा लांबी नव्हे. ते वाळताना आकसते व आत पोकळी राहते. असा सांधा चार दिवस टिकतो, पंप बदलला की उडतो, आणि दोष मात्र जुन्या नळावर येतो. एक इंचापासून चार इंचांपर्यंत कोणतेही माप घ्या, दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की डोळ्यांस फरक कळत नाही. उघड दिसणाऱ्या फरकाने माणूस सावध होतो. येथे फरक लहान म्हणूनच तो अधिक घातक आहे.

यास उपाय मोजण्याचा. जमिनीत दबलेला पातळ नळ मातीच्या भाराने थोडा चपटा होतो, म्हणून एकाच दिशेने व्यास मोजला तर तो चुकण्याचा संभव असतो. त्यापेक्षा नळाचा घेर मोजावा. सुतळी ताणली जाते, यास्तव सुतळी न वापरता कागदाची अरुंद पट्टी नळाभोवती घट्ट गुंडाळावी, जेथे पट्टीवर पट्टी येते तेथे टोकदार पेन्सिलीने खूण करावी आणि पट्टी सरळ करून लांबी मोजावी. या लांबीस ३.१४ ने भागले की बाहेरचा व्यास मिळतो. भागाकाराचा त्रास नको असेल तर घेराचे पुढील आकडे टिपून ठेवावेत : ६३ च्या नळाचा घेर १९८ मिलिमीटर, ७५ चा २३६, ९० चा २८३, ११० चा ३४६, १४० चा ४४० आणि १६० चा ५०३. घरकामाच्या दोन इंची नळाचा घेर मात्र १८९, तीन इंचीचा २७९ आणि चार इंचीचा ३५९ येतो. व्यासात जो फरक एक-दोन मिलिमीटरांचा असतो, तोच घेरात तिपटीहून अधिक होऊन साध्या पट्टीवर स्पष्ट दिसतो, हा या रीतीचा मोठा गुण आहे.

जोड नळास बाहेरून पकडतो की आतून, हेही मोजण्यापूर्वी पाहिले पाहिजे. पी.व्ही.सी.चा कपलर व काळ्या नळाचा आवळून बसणारा जोड हे दोन्ही बाहेरून पकडतात. तेथे बाहेरचा व्यास पाहावा. ठिबकाच्या बारीक नळ्यांचे दातेरी जोड आत शिरतात. तेथे आतला व्यास पाहावा. दोन नळ्या बाहेरून १६ मिलिमीटरच्याच असल्या तरी एकीची भिंत जाड व दुसरीची पातळ असू शकते. जाड भिंतीच्या नळीत घट्ट बसणारा जोड पातळ भिंतीच्या नळीत सैल राहतो व दाब येताच निसटतो. जुन्या ठिबकास नवे जोड घेताना म्हणूनच नळीचा वीतभर तुकडा बरोबर न्यावा आणि जोड तेथेच घालून पाहावा.

तिसरा प्रश्न नळ किती दाब सोसेल हा. दर चौरस सेंटिमीटरास किती किलो दाब, यावरून नळांचे वर्ग पाडलेले आहेत : २.५, ४, ६, ८, १० व १२.५ किलो. बाहेरचा व्यास सर्व वर्गांत सारखाच असतो. वाढते ती भिंतीची जाडी, आणि ती आतल्या बाजूस. त्यामुळे कोणत्याही वर्गाचा जोड कोणत्याही वर्गाच्या नळावर चढतो व दिसण्यात काही वावगे वाटत नाही. ९० मिलिमीटरच्या पी.व्ही.सी. नळाची भिंत ४ किलोच्या वर्गात दोन मिलिमीटरांहून किंचित अधिक, ६ किलोच्या वर्गात तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक आणि १० किलोच्या वर्गात सुमारे पाच मिलिमीटर असते. नळ कापला की कापलेल्या कडेवर तीन-चार ठिकाणी जाडी मोजावी व सर्वांत कमी भरेल तीवरून वर्ग ठरवावा.

हा वर्ग कळल्याखेरीज पंप बदलणे म्हणजे बैलाची ताकद न पाहता गाडी भरणे होय. दहा मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरास सुमारे एक किलो दाब देते. नदीपासून शेताचा चढ तीस मीटर व नळातील घर्षणाचा तोटा सहा मीटरांच्या बरोबरीचा धरला, तर पंपाजवळ साडेतीन किलोंहून अधिक दाब येतो. ४ किलोच्या नळास हा कसाबसा पेलतो. पण वीज एकाएकी गेली किंवा वाल झटक्यासरशी बंद केला, म्हणजे वाहत्या पाण्याचा जो तडाखा बसतो त्याने दाब क्षणभर कितीतरी वाढतो, आणि मग सर्वांत कच्चा सांधा प्रथम सुटतो. शिवाय हे वर्ग २७ अंश उष्णमानास धरून ठरविलेले आहेत. उन्हात उघड्या पडलेल्या नळाची ताकद त्याहून कमी समजावी.

येथेच आणखी एका फसव्या साम्याची सूचना देणे अवश्य आहे. घरातील सांडपाण्यासाठी ७५ व ११० मिलिमीटरचे करडे नळ व त्यांचे रबरी वायसरचे जोड मिळतात. मापाने ते शेतीच्या नळांशी जुळतात आणि दिसतातही तसेच. परंतु ते दाबासाठी बनविलेलेच नसतात. दाबाच्या नळावर सांडपाण्याची टी बसविण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो, तो टाळावा.

ओळख पटल्यानंतर जोडकाम अवघड नाही. पी.व्ही.सी. नळ बारीक दात्यांच्या करवतीने काटकोनात कापावा. जुना नळ ठिसूळ झालेला असतो, म्हणून त्यावर कुऱ्हाड वा कोयता चालवू नये. चीर आत कोठवर गेली हे दिसत नाही. कापलेल्या तोंडाची धार कानशीने उतरवावी, वरचा भुकटीसारखा झालेला थर पॉलिश पेपरने घासून काढावा व कोरड्या फडक्याने पुसावा. जोड किती खोल जाणार याची खूण नळावर करून मगच दोन्ही अंगांस सोल्युशनाचा पातळ सारखा थर द्यावा, नळ खुणेपर्यंत एका दमात आत लोटावा, किंचित पिळावा व थोडा वेळ दाबून धरावा. ओलाव्यावर सोल्युशन धरत नाही. घट्ट झालेले सोल्युशन पातळ करून वापरणेही व्यर्थ आहे. सांधा भरल्यावर एक दिवस त्यावर पूर्ण दाब येऊ देऊ नये.

जमिनीत पुरलेला नळ दोन्ही बाजूंस सरकत नाही, त्यामुळे मधला फुटका भाग कापून नवा तुकडा घालताना साधा कपलर चढविता येत नाही. तेथे ज्यात मधली कड नाही असा, नळावर पूर्ण सरकणारा रबरी वायसरचा कपलर योजावा. तो आधी एका नळावर सारून ठेवावा, नवा तुकडा मध्ये बसवावा आणि मग कपलर सांध्यावर आणावा. नळ पूर्ण कोरडा होत नसेल तेथेही हाच जोड उपयोगी पडतो. वायसरास तेल किंवा ग्रीस लावू नये, साबणाचे पाणी लावावे. खनिज तेलाने रबर फुगते व सडते. रबरी सांध्यास ओढ सहन होत नाही, हेही ध्यानात असावे. ११० मिलिमीटरच्या नळाच्या बंद टोकावर ४ किलो दाबाने सुमारे ३८० किलोंचा रेटा बसतो. म्हणून वळणावर, टीपाशी व शेवटी काँक्रीटचा ठोकळा टेकविल्याशिवाय माती लोटू नये.

पी.व्ही.सी. नळावर आटे पाडणे ही दुसरी अनिष्ट रीत आहे. आट्यांची खोली वजा जाता भिंत कागदासारखी उरते. लोखंडी वालाशी गाठ घालावयाची तेथे तयार आट्यांचा जोड सोल्युशनाने चिकटवून त्यावर टेफ्लॉनची फीत गुंडाळावी व हाताने घट्ट करून वर थोडासाच पाना फिरवावा.

काळ्या नळाची उत्तम रीत म्हणजे दोन्ही तोंडे तापलेल्या सपाट तव्यावर वितळवून एकमेकांस दाबून धरणे. पण तो तवा २०० ते २२० अंशांच्या आसपास स्थिर राहणारा व वितळलेले प्लॅस्टिक न चिकटणारा असावा लागतो. चुलीवरील तव्यास हे नियम ठाऊक नाहीत. शिवाय जुन्या नळाचे पॉलिएथिलीन व आजचे पॉलिएथिलीन एकाच प्रतीचे असतील याची शाश्वती नाही. म्हणून अनोळखी जुन्या काळ्या नळास आवळून बसणारा जोड किंवा दोन तबकड्या बोल्टांनी आवळण्याचा फ्लँज हाच मार्ग बरा. काळा नळ व करडा नळ यांची गाठही अशाच फ्लँजने किंवा आट्यांच्या जोडाने घालावी. दुसरा मार्ग नाही.

आता आपल्याकडील रूढ उपायांविषयी. नळाचे तोंड जाळावर तापवून फुगवावयाचे व त्यात दुसरा नळ खुपसावयाचा, ही रीत सर्वत्र चालते. फुगविलेल्या तोंडाची भिंत ताणून पातळ होते, जाळ एका अंगास अधिक लागून ती कोठे करपते, कोठे कच्ची राहते. आणि जुन्या नळास तर तापविताच तडा जाण्याची भीती. ट्यूबची पट्टी आवळून गळती थांबविणे हाही असाच तात्पुरता इलाज. तथापि जे हे करतात त्यांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. विजेची पाळी ठराविक तासांची, पुष्कळ ठिकाणी रात्रीची. पीक सुकत आलेले, दुकान तालुक्याच्या गावी. अशा वेळी माणूस हाताशी असेल त्याने पाणी चालू करणारच. दोष त्या रात्रीच्या उपायाचा नव्हे. तो उपाय पुढे पाच वर्षे तसाच ठेवण्याचा आहे, आणि त्या रात्री योग्य जोड घरात नसण्याचा आहे.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशास? सगळा नळ उखडून नवा घालावा. ज्यास ऐपत आहे व ज्याचा नळ खरोखरच संपला आहे त्याने तसे अवश्य करावे. परंतु तो संपला हे ठरवावयाचे कशावरून? आमच्या मते गळतीच्या जागेवरून. गळती सांध्यांवर, वळणांवर व वालांपाशीच होत असेल, तर नळ चांगला असून जोडकाम वाईट आहे असे समजावे. तेथे सांधे बदलले की काम भागते. नळ मधोमध, लांबीच्या दिशेने चिरत असेल आणि असे वेगवेगळ्या जागी पुनःपुन्हा घडत असेल, तर एकतर दाब वर्गाहून अधिक आहे किंवा नळाचा कस गेला आहे. पहिले कारण दाब मोजून पाहता येते. ते नसेल तर तो भाग बदलावा. वर्षानुवर्षे उन्हात उघडा राहिलेला, पांढरट पडलेला व ठोकरेने फुटणारा नळही बदलावा. जमिनीत हातभर खोल असलेला, उन्हापासून झाकलेला नळ मात्र तसा नसतो. परीक्षा न करता हे दोन्ही एकाच भावाने उखडणे म्हणजे कर्ज काढून चांगला माल मातीमोल करणे होय. एक अपवाद आम्ही करतो. शेतीचा जुना पी.व्ही.सी. नळ घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. तो टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्याचा प्रघात असे. त्यास आळा घालणारे केंद्र सरकारचे नियम २०२१ साली झाले.

आता कर्तव्याचा प्रश्न. पहिले कर्तव्य प्रत्येक सभासदाचे. त्याने आपल्या नळाची नोंद एका वहीत करावी : जात, बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी, घातल्याचे साल ठाऊक असेल तर ते, आणि बांधापासून किंवा विहिरीच्या काठापासून पावलांनी नव्हे तर फितीने मोजलेले वाल, वळणे व सांधे यांचे अंतर. दर वेळी खड्डा उघडला की या नोंदीत भर घालावी. ज्या नळाचे धनी अनेक, त्याच्या नोंदीची एकेक प्रत प्रत्येकाकडे असावी. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याविषयी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्याच्या ४९ व्या कलमात तरतूद आहे. पण नळ कोठून गेला हेच कोणास सांगता येत नसेल, तर कायदा तरी किती उपयोगी पडणार? नांगराचा फाळ नळास लागून होणारी भांडणे बहुधा नकाशाच्या अभावी होतात. वाटणीच्या कागदात जशी विहिरीतील पाळी लिहितात, तसा नळाचा नकाशाही जोडावा.

दुसरे कर्तव्य खरेदीचे. दुकानात इंचाची भाषा सोडावी. “९० मिलिमीटरचा, शेतीच्या पी.व्ही.सी. नळाचा, ६ किलोचा” असे मागावे व बिलावर तसेच लिहवून घ्यावे. पी.व्ही.सी. नळावर आय.एस. ४९८५ व काळ्या नळावर आय.एस. ४९८४ हा मानकाचा आकडा, वर्ग आणि व्यास छापलेला आहे की नाही हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. एकट्यादुकट्याने आग्रह धरला तर दुकानदार हसेल. गावातील वीस ग्राहकांनी धरला तर तो आपली पाटी बदलील.

तिसरे कर्तव्य आपल्या संस्थांचे. खत व बियाणे यांच्या गोदामात एक लहान कपाट जोडसाहित्यासाठी राखावे. त्यात आपल्या भागात चालणाऱ्या मापांचे सरकते कपलर, आवळून बसणारे जोड, वायसर व ताजे सोल्युशन असावे, आणि ते रात्री-अपरात्री किल्ली मागून नेता येईल अशी व्यवस्था असावी. नेलेल्या वस्तूची किंमत वहीत मांडून हप्त्याने वसूल करावी. त्याबरोबर घेर मोजण्याच्या पट्ट्या, जाडी मोजण्याचे एक कॅलिपर आणि काळा नळ जोडण्याचा विजेचा तवा एवढी हत्यारे ठेविली तर साऱ्या गावाचे काम भागेल. यास लागणारा पैसा एका सभासदाने एकदा अकारण उखडलेल्या नळाच्या किमतीहून खचित अधिक होणार नाही.

रब्बीचे पाणी आटोपल्यावर व उन्हाळी पिकांची ओढ लागण्यापूर्वी जे थोडे दिवस मिळतात, त्यांत हे काम करावे. ज्या जागी गेल्या वर्षी गळती झाली होती तेथे एक खड्डा उघडावा, कागदाची पट्टी नळाभोवती गुंडाळावी, नळाचा तुकडा बादलीत टाकून पाहावा, आणि जे आढळेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आपल्या मागून शेत कसणाऱ्या मुलाबाळांस जमिनीबरोबर ही वहीही वारशाने मिळेल, एवढे आपण सहज करू शकतो.